भुजंगमामाची गाळीव मोटार

जाफराबादेत त्या काळी मोटार एकच होती. साहजिकच ड्रायव्हरही एकच होता, आणि गावातला सगळ्यांत हुशार ड्रायव्हर कोण, या प्रश्नावर भुजंगचं स्वतःशी कधी दुमत झालं नाही.

मोटार भालचंद्रराव वकिलांची. जालन्याच्या एका इंजिनियर साहेबानं दौऱ्यावर वर्षानुवर्षं पिदडलेली ती वकिलांनी घेतली, तेव्हाच तिला म्हातारपण लागलं होतं. पण चाकं उंच आणि हाडं मजबूत. काळ्या रानातल्या गाडवाटा, ओढे, नांगरटी, सगळं ती तुडवत जायची. समोरचे गाडीवान तिला अदबीनं वाट देत. भुजंगच्या मते हा तिचा मान होता. गाडीवानांना तिचे ब्रेक ठाऊक होते.

भुजंगची खास स्वतःची म्हणावी अशी विद्या एकच, पेट्रोल गाळणं. पेट्रोल जालन्याहून डब्यांतून यायचं आणि डब्यांत गंज, माती, कधीमधी मुंगळाही निघायचा. जालन्याचे ड्रायव्हर ते मऊ कातड्यातून गाळत. पण वकिलांकडे डबे ओसरीवर, पाण्याच्या हंड्यांशेजारी ठेवलेले असत. तिथं कातडं चालणार नाही, असं वकिलीणबाई सरोजिनीबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. तेव्हापासून भुजंग पिण्याचं पाणी गाळावं तसं पेट्रोल गाळायचा, बाईंच्या जुन्या लुगड्याच्या दुपदरी धडप्यातून. विडी विझवून, हात धुऊन, तोंडातून शब्द न काढता. बघायला माणसं जमत. पाणी तुम्ही कसंही प्या, तो त्यांना नंतर सांगायचा, माझ्या मोटारीच्या पोटात कचरा जायचा नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याच्या भाचीचं लग्न ठरलं. द्वारका बापावेगळी पोर. लहानाची मोठी भुजंगनंच केली. सोयरीक जमली पूर्णेपलीकडच्या रखमाजींच्या घरी. नवरदेव मुखदुर्बळ होता. बापानं ती कसर भरून काढली होती. रखमाजींची पांढरी बैलजोडी चार गावांत नावाजलेली, आणि त्यांच्याकडे वरात बैलगाडीतूनच निघायची. भुजंगनं भर बैठकीत सांगून टाकलं, की आमच्या पोरीची वरात मोटारीतून निघेल. वकिलांना त्यानं नंतर विचारलं.

रखमाजी शांतपणे म्हणाले, मोटार पळते हे ऐकून आहे, पण वरात पळत नसते. ती दर दारापुढं थांबते. थांबल्यावर तुमची मोटार काय करते? भुजंग म्हणाला, उभ्या उभ्या चालू राहते, लोण्यासारखी. नाही राहिली तर तिला बैल जोडायचे, असं हसत हसत ठरलं. ज्या घरात पोरगी जन्म काढणार त्या घराच्या दारी मामा बैलांमागं ओढला जाणार की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला. बाकीची बोलणी सुरळीत झाली.

लग्न आठवड्यावर आलं आणि मोटारीनं उभं राहणं सोडलं. पळताना ठणठणीत, थांबली की फुरफुरायची, गचके द्यायची, दोनदा खोकून बंद पडायची. भुजंगनं प्लग काढून घासले. कार्बोरेटर इंजिनाला जिथं चिकटतो तिथून फालतू हवा पीत असेल, म्हणून सांध्याला ओला साबण फासला. हवा-पेट्रोलच्या मिसळीचा स्क्रू अर्धा फेरा आत नेला, अर्धा फेरा बाहेर काढला. मोटारीला दोन्ही सारखंच. भालचंद्ररावांनी पायरीवर बसून उलटतपासणी घेतली, पेट्रोलमध्येच काही नाही ना? भुजंगनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की वकिलांनी प्रश्न मागं घेतला आणि सुपारी कातरायला घेतली. पेट्रोल गाळलेलं होतं, आणि गाळणारा भुजंग होता. तेव्हा मोटारीत जेवढं म्हणून उघडता येत होतं तेवढं सगळं त्यानं उघडलं, कार्बोरेटरची, गाळलेलं पेट्रोल साठतं ती वाटी तेवढी सोडून.

लग्न जाफराबादेत लागलं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मोटार नदी ओलांडून रखमाजींच्या वेशीत शिरली. मागच्या सीटवर नवरानवरी, मागून करवल्यांची गाडी ओढणारी ती पांढरी जोडी. मोटार बंद पडू नये म्हणून भुजंगनं पेट्रोल वाढतं ठेवलं. त्यामुळे ती चालू राहिली, पण वाजंत्र्यांना पुढं पळावं लागलं, आणि पळता पळता सनई वाजवायची विद्या त्यांच्याकडं नव्हती. लोक ओरडले. भुजंगनं पेट्रोल कमी केलं. मारुतीपुढं ती बंद पडली. हँडल मारून निघाली, तर पुढच्याच दाराशी पुन्हा. तिसऱ्यांदा तो हँडल घेऊन उतरला तेव्हा रखमाजी बैल सोडून पुढं घेऊन आले होते.

"सोयरे, लाजू नका," ते म्हणाले. "दोर कुठं बांधावा तेवढं पाहून राह्यलो."

मुंडावळ्यांआड द्वारकेनं मान खाली घातली. नवरीची मान खालीच असते, पण मामाला त्यातला फरक कळला.

उघडायचं दुसरं काहीच उरलं नव्हतं, म्हणून भुजंगनं वाटी उघडली. तळाशी पांढरा कापूस. बोटावर घेऊन पाहिला, तर बारीक तंतू आणि खळीची भुकटी. ओळख पटायला वेळ लागला नाही. लग्नासाठी त्यानं नवाकोरा मांजरपाट आणला होता. घरात सगळ्यांना नवं कापड, मग मोटारीनंच काय घोडं मारलं, म्हणून जुना धडपा टाकून हातभर तुकडा तिलाही आहेर केला होता. धुवायचं काही सुचलं नाही. आहेर कुणी धुऊन देत नाही. पळत्या मोटारीला पेट्रोल मोठ्या भोकातून मिळतं, उभ्या मोटारीला केसाएवढ्या. ते केसाएवढं भोक आहेरानं बुजलं होतं.

त्यानं फुंकून पाहिलं, निघेना. तार घातली तर भोक रुंदावणार. तिथं केसच पाहिजे, लांब आणि ताठ. त्यानं मान वर केली. समोर शेपटी हलत होती.

बोट पुसून तो रखमाजींकडं वळला.

"सोयरे, बैलाच्या शेपटीचा एक केस द्या."

"एकच?" रखमाजी म्हणाले. "मी तं दोन बैल आणले."

"एकच."

"घ्या मंग. बाकीचा बैल कव्हा लागंल ते सांगा."

गाव हसलं. बैलाला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आपलं मत लाथेनं कळवलं. मांडी चोळत भुजंगनं केस भोकातून ओवला, मागंपुढं केला, वाटी पुसून बसवली आणि हँडल मारलं. मोटार सुरू झाली. तो हात सोडून बाजूला झाला. ती जागच्या जागी संथ चालत राहिली.

काय झाल्तं, असं गर्दीतून कुणी विचारलं. रखमाजींनीच सांगून टाकलं, की इलायती यंत्र खरं, पण त्याचा जीव आपल्या बैलाच्या केसात आहे. हवा, मिसळ, मोठं भोक, बारीक भोक असं सगळं व्याख्यान भुजंगच्या ओठांवर आलं होतं. त्यानं मागं पाहिलं. द्वारकेची मान वर आली होती आणि ती सासऱ्याचा खुललेला चेहरा बघत होती. उद्यापासून तिला रोज हाच चेहरा बघायचा होता.

"बिलकुल," भुजंग म्हणाला. "बैलाबिगर न्हाई चालली. सोयरे बराबर बोलून राह्यले."

चारचौघांत दुसऱ्याचं बरोबर आहे असं तो आयुष्यात प्रथमच म्हणत होता.

रखमाजींनी जोडी भावाच्या हाती दिली आणि एका केसाच्या हिश्श्यावर पुढच्या सीटवर येऊन बसले. मग दर दारापुढं थांबवा म्हणू लागले. भाऊबंदांपुढं थोडं, ज्यांच्याशी बांधावरून वाद होता त्यांच्यापुढं जास्त. "ऐका," ते हात उंचावून वाजंत्र्यांना गप्प करायचे, "उभी हाये अन् चालू हाये." भुजंग मुकाट्यानं थांबवत होता. मागं द्वारका पदर तोंडाशी धरून हसत होती, आणि सासऱ्यानं वळून पाहिलं तरी तिनं हसू आवरलं नाही.