लिनकाकांच्या घराचे खांब

मंडळी, आज दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे दोहालाच असतात. ऐंशीच्या दशकात ते इथेच सुतारकाम करायचे. इथल्या नजमा वस्तीतल्या कामगारांच्या खोलीत शेजारच्या खाटेवर लिन नावाचे चिनी गवंडी होते. त्यांच्या उशाशी गावच्या घराचा फोटो असायचा. पुढे विलायती गोल खांब आणि कमानी, मागे चिनी वळणाचं कौलारू छप्पर. त्यांच्या आजोबांनी परदेशात राबून ते बांधलेलं. तो फोटो बघूनच बाबांनी गुहागरला आमचं घर बांधलं. पुढे तसेच खांब, मागे आपलं माजघर.

लिनकाकांच्या गावाचं नाव बाबांना अजून आठवतं. म्हणून आज जेवल्यावर मी मोबाईलवर सहज शोधलं, तर ते घरच समोर आलं. बाबांनी खांबांवरून लगेच ओळखलं.

"त्यांच्या पूर्वजांपुढे उदबत्ती कोण लावतं आता?"

"कोणी नाही, बाबा. म्युझियम झालंय. लोक तिकीट काढून बघतात."

बाबांनी मोबाईल माझ्याकडे परत दिला. मग हळूच म्हणाले, "आणि आपल्या देवापुढे दिवा?"

 गुहागरच्या घराची किल्ली इथे, माझ्या कपाटात आहे.

तुमच्या घराची कुठे आहे?