दुसऱ्याच्या मशीनवर बघणारा माणूस

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. चूक माझी होती. वीस वर्षांपूर्वी भोरमध्ये आमच्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाईटचं उद्घाटन भर सभागृहात फसलं, तेव्हा ती चूक मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस रशीदभाईंवर ढकलली. त्या एका वाक्यापायी त्यांची कायम होऊ घातलेली नोकरी गेली. गेल्या महिन्यात शाळेत तासाची घंटा व्हायला पाच मिनिटं असताना माझा मोबाईल वाजला. पलीकडे शिवऱ्यात त्यांनी पुढं टाकलेल्या दुकानाशेजारचे टायरवाले होते. "सर, रशीदभाई गेले. सकाळी शटर वर केलं, खुर्चीत बसले आन तसंच..." मी कोणता वर्ग, कोणता तास हे सगळं विसरून खडू हातात घेऊन उभा राहिलो. आणि त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं, तेही लिहितो. माणूस गेला याचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता कुणालाच कळणार नाही.

रशीदभाई मूळचे पंप मेकॅनिक. भोर पेठेत त्यांच्या वडिलांपासून पंपाच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं काम. आमच्या संस्थेत ते आले तेसुद्धा विहिरीवरची मोटर बघायला. त्याच दिवशी पुण्याहून आठ संगणक आले होते आणि मी, पुण्यात डिप्लोमा करून आलेला नवा 'कॉम्प्युटरचा सर', खोकी उघडत मोठ्या तोऱ्यात उभा होतो. ते दारातून म्हणाले, "सर, ह्या बोर्डाला अर्थिंग न्हाई. आठच्या आठ मशीनी एका पावसात जातील." मी म्हणालो, "वायरमननं तपासलंय." त्यांनी टेस्टर लावून दाखवला. तिथून ते प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस म्हणून लागले. वय तेव्हाच चाळिशीच्या पुढचं, शिक्षण नववी, इंग्रजी अक्षर लावून लावून वाचायचे... आणि दोन वर्षांत माझ्या डिप्लोमाला जे येत नव्हतं ते त्यांना येऊ लागलं. हे तेव्हा मला दिसत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

त्यांची एक रीत होती. हिर्डोशीकडच्या एका वस्तीवर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दीड-दोन मैल पाईपातून आणलेलं होतं. ते कुठंतरी गळायचं आणि खाली थेंब यायचा नाही. बाकीचे मेकॅनिक वरपासून खालपर्यंत पाईप चाचपत जायचे, दिवस मोडायचा. रशीदभाई सरळ मधल्या जोडावर जायचे आणि तिथं उघडून बघायचे. पाणी असलं तर गळती खालच्या निम्म्यात, नसलं तर वरच्या. मग त्या निम्म्याचा मधला जोड. चार-पाच जोडांत गळकी जागा हातात. वेब पानांना त्यांनी हेच लावलं. एकदा मुलांनी केलेलं पान उघडताना अर्धवटच दिसत होतं. मी ओळ न् ओळ वाचत डोकं धरून बसलो होतो. ते म्हणाले, "सर, खालचं निम्मं काढून ठिवा, वरचं चालतंय का बगा." निम्मं काढलं, मग त्या निम्म्यातलं निम्मं. चहा गार व्हायच्या आत तीन ओळी उरल्या, आणि त्यात एका तक्त्याची सुरुवातीची खूण होती, तो मिटवणारी शेवटची खूण लिहायची राहिली होती. मग त्यांनी त्या पानामागचा अख्खा कोड जोडकागदावर छापून घेतला, चपला दाराशी काढल्या, कागदाची ती लांबलचक पट्टी फरशीवर अंथरली आणि गुडघ्यावर बसून लाल पेन्सिलीनं एकेक उघडलेली खूण तिच्या मिटलेल्या खुणेशी रेघेनं जोडत गेले. मुलं भिंतीला टेकून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "भाई, रांगोळी काढताय व्हय?" ते मान वर न करता म्हणाले, "रांगोळी चुकली तर देव चालवून घेतो बाबा. ह्यो घेत न्हाई." मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण कामापुढं इतका नम्र झालेला हुशार माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संस्थेची वेबसाईट मी केली. अध्यक्ष आबासाहेबांचं मनोगत मराठीतच हवं असा त्यांचा आग्रह होता. आज मोबाईलवर सुद्धा मराठी उमटते, पण त्या काळी मराठीचे फॉन्ट ज्याच्या त्याच्या संगणकावर बसवलेले असायचे. आपल्या मशीनवर सुंदर मराठी दिसायची, आणि ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला तिथं कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. हे मला माहीत होतं. माहीत असूनही, माझ्या पडद्यावर आबासाहेबांचं मनोगत इतकं देखणं दिसत होतं की मी त्याच्या पलीकडं पाहिलंच नाही. भोरात फोनवरचं इंटरनेट सारखं तुटायचं, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रशीदभाई पहिल्या एसटीनं स्वारगेटला गेले आणि तिथल्या सायबर कॅफेतून वेबसाईटच्या फायली इंटरनेटवर चढवल्या. दुपारी त्यांचा एसटीडी बूथवरून फोन आला.

"सर, चढवलं सगळं. पर मराठी दिसंना. नुसतं कंस दिसत्यात."

"तिथं फॉन्ट नसेल. माझ्याकडं नीट दिसतंय."

"तुमच्याकडं दिसनारच की. तुमी केलंय. उद्या पावन्यांच्या मशीनवर न्हाई दिसायचं. मजकुराचं चित्र करून टाका सर, चित्र कुठंबी दिसतं. म्या थांबतो हितं."

मी म्हणालो, "या तुम्ही. मी बघतो." आणि बघितलं नाही. खरं सांगायचं तर नववी शिकलेल्या माणसानं फोनवरून मला उपाय सांगावा, हे मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला होता, तोच पडद्याला जोडला. आबासाहेब खुर्चीत सावरून बसले. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर भलामोठा काला उमटला.  मग मागच्या बाकावरून आवाज, "आबासाहेब डॉक्टर कधी झाले? ही तर औषधाची चिठ्ठी हाय!" सभागृह हसून फुटलं. आबासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माईक बाजूला करून मला विचारलं, "हे काय आहे सर?" संचालक, शिक्षक, पाहुणे, सगळे माझ्याकडं बघत होते. रशीदभाई प्रोजेक्टरची वायर धरून चार हातांवर उभे होते. मी म्हणालो, "चढवताना फायली खराब झाल्या असाव्यात. काल रशीदभाईंनी पुण्यातून चढवल्या."

असं होऊ शकतं. चुकीच्या पद्धतीनं फाईल चढवली तर ती खरोखरच खराब होते. म्हणूनच ते खोटं टिकलं. सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता ते फोनचं सांगणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं... रागानं नाही. एखाद्या जोडाशी कान लावून पाणी ऐकावं तसं, थांबून. मग त्यांनी वायर गुंडाळायला घेतली. त्या जूनमध्ये त्यांना कायम करायचं ठरलेलं होतं. संचालकांच्या बैठकीत 'जबाबदारीच्या कामाला योग्य नाही' असा शेरा आला आणि त्यांचं हंगामी कामही संपलं. मी दुसऱ्याच दिवशी मनोगताचं चित्र करून टाकलं होतं. त्यांचाच उपाय. तो सगळीकडं दिसला, आणि माझं कौतुक झालं.

रशीदभाईंनी हमरस्त्याला शिवऱ्यात दुकान टाकलं. एका बाजूला मोटारी भरणं, दुसऱ्या बाजूला दोन जुने संगणक. हळूहळू भोर-वेल्ह्यात ज्यांची वेबसाईट अडेल ते त्यांच्याकडं जाऊ लागले. नर्सरीवाला, भाटघरजवळचा एक कृषी पर्यटनवाला, कुठली कुठली शाळा. वेल्ह्याच्या एका शाळेची साईट मीच केली होती आणि दोन-तीन वर्षांनी ती उघडेनाशी झाली. पान नुसतं पांढरं. दुसऱ्या दिवशी शिबिराची नावनोंदणी त्या पानावरून सुरू व्हायची होती. मी दोन दिवस झटत होतो. शेवटी तिथल्या हेडसरांनी मला न विचारता रशीदभाईंना बोलावलं. नसरापूर फाट्यावर गाडी बदलून ते आले, कापडी पिशवीत टेस्टर आणि बिस्किटचा पुडा. मला वाटलं, आज हिशेब होणार. ते म्हणाले, "सर, बरं हाय ना? वाळलात लई." आणि माझ्या मशीनकडं ढुंकूनही न बघता हेडसरांना विचारलं, "हितलं सगळ्यात जुनं मशीन कंचं?"

ते जुनं मशीन कार्यालयात क्लार्कच्या टेबलावर होतं, धूळ खात. ते तिथं बसले. ही त्यांची दुसरी रीत. कुठलंही पान ते करणाऱ्याच्या मशीनवर कधी तपासायचे नाहीत. हेडसरांनी कारण विचारलं तर म्हणाले, "ज्यानं केलंय त्येच्या घरी समदंच दिसतं. ज्येच्याकडं काय न्हाई, त्येला दिसलं पायजे." पान पांढरंच आलं. आम्ही सगळे त्या पांढऱ्याकडं बघत होतो. ते एकटे तळाच्या बारीक पट्टीकडं बघत होते, जिथं पान काय करतंय ते लिहिलेलं असतं. अक्षर लावत लावत त्यांनी वाचलं. "सर, ह्ये कुनाची तरी वाट बघतंय." मी वाकून पाहिलं. किती लोक येऊन गेले ते मोजणारा एक फुकटचा काउंटर मी हौसेनं पानाच्या अगदी माथ्यावर बसवला होता. तो पुरवणारी साईटच बंद पडली होती. काउंटर येईपर्यंत पान पुढं सरकत नव्हतं, आणि तो येणार नव्हता. दोन ओळी काढल्या, पान भसकन उघडलं.  ही पट्टी दोन दिवस माझ्या नाकासमोर होती. हेडसर माझ्याकडं बघून काही बोलणार, एवढ्यात रशीदभाई पिशवी उचलत म्हणाले, "सरांनी सापडवत आनलंच हुतं. म्या शेवटाला आलो." मी काहीच सापडवत आणलं नव्हतं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो, शब्द तोंडापर्यंत आले, गाडी आली... आणि मी म्हणालो, "सांभाळून जा."

त्यानंतरही पाच-सहा वेळा गेलो असेन त्यांच्या दुकानात, अडलेलं काम घेऊन. दर वेळी त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला, काम केलं. त्या दिवसाचं एक अक्षर नाही. मी स्वतःची समजूत घातली, की ते विसरले.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी भोरला त्यांच्या घरी गेलो. जैनबभाभी, त्यांच्या पत्नी, उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. फोन, चित्राचा उपाय, सभागृहातलं वाक्य. वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर उठून जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्याच रातीला सांगितलं त्यांनी. मीच म्हनलं, जावा आबासायबांकडं, खरं काय ते सांगा. तर म्हनले, म्या सांगितलं तर सरांची नोकरी जाईल, त्यांची लेकरं ल्हान हायती. सर सांगतील आपनहून."

मी विचारलं, "नंतर कधी काही...?"

"तुमी दुकानात येऊन गेलात की घरी येऊन म्हनायचे, सर आलते. मी इचारायचे, बोलले का? तर म्हनायचे, आज न्हाई."

मी हात जोडले. म्हणालो, भाभी, माफ करा. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माज्यापुढं कशाला? खोटं तुमी माज्यापुढं न्हाई बोललात. जितं बोललात तितं जावा."

म्हणून मी आबासाहेबांना भेटलो आणि त्याच सभागृहात सभा मागितली. त्या दिवशीचे संचालक आणि शिक्षक, जेवढे आज आहेत तेवढे आले. भाभींना मी स्वतः रिक्षानं घेऊन आलो. त्या मागच्या बाकावर बसल्या. मी उभा राहिलो आणि फोनपासून सगळं सांगितलं.  आबासाहेब आता थकलेत, पण माणूस मायाळू. त्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "असू द्या हो सर. नवीनच होतं ते सगळं. तेव्हा कुणाला काय कळत होतं?"

तेवढ्यावर मी बसून घेतलं असतं तरी चाललं असतं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी भाभींकडं पाहिलं. त्या अजून वाट बघत होत्या.

"नाही आबासाहेब," मी म्हणालो, "रशीदभाईंना कळत होतं, आणि त्यांनी सांगितल्यामुळं मलाही कळत होतं. मी तुमच्या सगळ्यांसमोर जाणूनबुजून खोटं बोललो. 'जबाबदारीच्या कामाला योग्य नाही' हा शेरा माझ्या नावावर लिहायला हवा होता. भाभी, मी माफी मागतो."