दूध उतू जायच्या आत

कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याआधी बाई गॅसवर दूध ठेवायच्या. दूध वर यायच्या आत मुद्दा संपला पाहिजे, हा त्यांचा नियम. नाशिक रोडच्या कॉलनीतलं त्यांचं स्वयंपाकघर हाच आमचा वर्ग, ओट्याशेजारी टेकवलेला फळा आणि वरच्या मजल्यावर राहणारी मी कॅमेरावाली. कॅमेऱ्यामागे बोलावं लागत नाही, एवढ्याचसाठी मी हो म्हटलं होतं.

नियम आला घोटीमुळे. तिथल्या सात मुली दहावीला विज्ञानात नापास झाल्या होत्या. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेतही राहिल्या असत्या, तर घरचे पुढे शिकू देणार नव्हते. निवृत्त बाईंचे गुडघे एसटीला तयार नव्हते, म्हणून शिकवणी इंटरनेटवर. पहिला व्हिडिओ चाळीस मिनिटांचा. सायबर कॅफेतून तो चढवण्यात अख्खी दुपार गेली. घोटीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो पाहून मुलींनी फोन केला, "बाई, लय लांब हाय. सुमी तर घोरत होती."

बाई मांडीवर थाप मारून हसल्या. "माझ्या वर्गात इतकी वर्षं मुलं झोपली असतील गं, पण सांगितलं कुणी नाही!"

दुसऱ्या दिवसापासून गॅसवर दूध.

एकदा ते उतू गेलंच. वाक्य अर्धं टाकून बाई धावल्या, मी हसले, कॅमेरा हलला. तो व्हिडिओ मी पुसणार होते, पण चुकून तोच गेला. मुलींनी चार वेळा पाहिला. "सायीखाली वाफ कोंडती म्हणून दूध वर येतं ना, बाई?" न शिकवताच कळलं होतं! मग प्रत्येक व्हिडिओत काहीतरी घडायलाच हवं, असं ठरलं. वाटीत पाणी ओतलं की लपलेलं नाणं दिसायला लागायचं आणि मी पुन्हा खिदळायचे.

"हसणं राहू दे," बाई म्हणाल्या. "पोरींना वाटेल, वर्गात आणखी कुणीतरी आहे."

माझी शाळा इंग्रजी. 'अपवर्तन' हा शब्दच मला ठाऊक नव्हता. "म्हणजे काय?" मी कॅमेऱ्यामागून कुजबुजले. बाई केवढ्या खूश! "असं अस्सल अडाणी माणूस मिळायला नशीब लागतं. विचार, मोठ्यानं विचार!"

परीक्षेला चार दिवस उरले आणि बाईंचा आवाज बसला. भिंगं शिकवायची राहिली होती. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तू'. मी जोरात नकारार्थी मान हलवली. त्यांनी खाली त्याहून मोठं 'तू' लिहिलं आणि कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला.

नऊ वेळा मी चुकले. दहाव्यांदा खिडकीतलं ऊन भिंगातून कागदावर धरलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. कागदातून धूर निघाला, कागदाला भोक पडलं, शिवाय बाईंच्या टेबलक्लॉथलाही. बाई इतक्या हसल्या, की व्हिडिओत मी भूकंपात उभी असल्यासारखी दिसते. तोच पाठवला.

निकालाच्या दिवशी बाईंकडे फोन वाजला. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. "सातही पास."

पलीकडून सातजणी एकदम ओरडल्या, "बाई!"

मी सवयीनं रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो परत माझ्या कानाला लावला.