गोजराने दिल्लीला नेलेली माणसं

तळवलीच्या गोजराला गावात कुणी पुढारी म्हणत नसे. खाडीत चिंबोऱ्या, कोलंबी धरायची आणि ठाण्याच्या बाजारात विकायची, हा तिचा लग्नापासूनचा धंदा. पण ऐंशी सालानंतर गिऱ्हाइकं मासळी नाकाशी नेऊन परत ठेवू लागली. "घासलेटचा वास येतोय बाई," म्हणायची. ते खोटं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या कारखान्यांचं रंगीत पाणी नाल्यातून थेट खाडीत उतरत होतं. आणि गोजराचा नवरा शिवा त्यातल्याच एका कारखान्यात वॉचमन होता.

गावकरी आधी टेम्पो भरून खासदारांच्या बंगल्यावर गेले. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. कुणी नाल्याचं काढलं, कुणी नोकरीचं, कुणी रस्त्याचं. खासदारांनी चहा पाजला, "बघतो" म्हणाले आणि गाडीत बसले.

गोजराच्या मागच्या खोलीत मारोती भाड्याने राहायचा. मूळचा मराठवाड्यातला, टपाल खात्यात कारकून. गावाकडे वसतिगृह मिळावं म्हणून त्याने पुढाऱ्यांच्या अशा भेटी घडवून आणल्या होत्या. तिने त्याला विचारलं, "भाऊ, आमचं काय चुकलं?"

"वहिनी, तुम्ही सगळंच मागितलं. म्हणून ते काहीच न देता सुटले. अधिवेशन चालू असताना दिल्लीत गाठा त्यांना. थोडी माणसं न्या, आणि ज्यानं त्यानं आपल्यावर बेतलंय तेवढंच बोलावं."

गोजराने ते मनावर घेतलं. भेटीची वेळ मारोतीने मिळवली, माणसं तिने निवडली. संध्याकाळी देवळासमोर तालीम चालायची. गोजरा खासदार होऊन खुर्चीवर बसायची, मध्येच उठल्यासारखं करायची. तिचा दीर कान्हा बोलायला लागला की आज्यापासून सुरुवात करायचा.

"कान्हा, खासदार उठून गेला," ती म्हणाली. सगळे हसले.

"मंग मी येतच नाय," कान्हा फुरंगटला.

"ये. पन नाल्याचं तेवढं सांग. आज्याला तळवलीत ठेव."

सरस्वती नावाच्या विधवा शेजारणीला ती नेतेय, हे मात्र कुणाला पटेना. खाडीच्या चिखलात हात घालून घालून तिची कातडी भाजल्यासारखी झाली होती, पण ती चारचौघांत तोंडच उघडत नसे. लोक म्हणाले, तिचं तूच सांग. गोजरा म्हणाली, "हात तिचे जळलेत. मी कशाला सांगू?"

शिवा एकदा जेवताना म्हणाला, "माझी नोकरी गेली तर?"

"तुमचं नाव येनार नाय."

"गोजरा कोनाची बायको, हे गावात कोनाला सांगाया लागतं का?"

निघायच्या दिवशी तो स्टेशनापर्यंत आला, तिचं बोचकं उचलून.

दिल्लीत खासदार सभागृहात जायच्या घाईत होते. सरस्वतीची पाळी आली आणि ती गप्प उभी राहिली. खासदार खुर्चीतून उठले, त्यांचा सचिव दाराकडे बघू लागला. कान्हाने तोंड उघडलं, तसा गोजराने त्याचा दंड दाबला. तिच्याही ओठांवर सगळं आलं होतं. ते तिने गिळलं.

मग सरस्वती म्हणाली, "सायेब, नातवाला जवळ घेतलं तर त्याला माझा हात टोचतो. तो नको म्हनतो मला."

खासदारांनी तिचे हात पाहिले आणि उठलेले पुन्हा बसले. "हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं. तेव्हा कान्हाने नाल्याचं सांगितलं, थोडक्यात.

त्याच अधिवेशनात संसदेत प्रश्न विचारला गेला. अधिकारी आले, पाण्याचे नमुने नेले. सगळ्यात घाण पाणी सोडणाऱ्या कारखान्याला ते सोडण्याआधी साफ करायला लावलं. बाकीचे नाले वाहतच राहिले. कोलंबी थोडी परतली, पहिल्यासारखी नाही. सरस्वतीने खाडी सोडली आणि भाजीची पाटी घेतली. तिकडे जासई गावची माणसं आपल्या गाऱ्हाण्यासाठी गोजराला बोलवायला आली, आणि ती तिथल्या तालमीतही खासदार होऊन बसली.

शिवाची नोकरी टिकली, पण त्याला गेटवरून मागच्या गोदामाकडे हलवलं. बरेच महिने तो कामावरून येऊन, जेवून सरळ आडवा व्हायचा. गोजराने त्याला कधी समजावलं नाही, भीती त्याची खरीच होती. एका रविवारी दुपारी भाताचा घास कालवत तो आपणहून म्हणाला, "आमच्या शेजारच्या कंपनीनं काल हिरवं पानी सोडलं. भरतीच्या टायमाला सोडतात, दिसू नाय म्हनून."

गोजराने त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि मारोतीला हाक मारली.