कळसची विहीर आणि खाणीचं मशीन

विजयमाला कळस गावची. बारामतीच्या एमआयडीसीत माझ्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसली. कोळशाच्या खाणीत उतरणारे लोक कॉलरला लावतात ती छोटी मशिनं आमच्याकडं बनतात. मिथेन वायू जमला की ती ओरडतात. ती तपासायचं काम विजयमालाचं. नळीतून मोजका मिथेन सोडायचा आणि घड्याळ बघायचं. ठरल्या वेळेत ओरडलं नाही तर बाद. एका सेकंदाचीही सूट ती देत नसे. सुपरवायझर बापूसाहेब वैतागले की म्हणायची, "तुमी उतरताय का खाली?" तिच्या तोंडी लागायची सोय नव्हती.

गेल्या चैत्रात जुन्या बनावटीची काही मशिनं कंपनीनं मोडीत काढली. बापूसाहेबांना विचारून तिनं एक घरी नेलं. तिचा नवरा गेणू विहिरींतल्या मोटरी काढायचा. त्याला तिनं सोपं करून सांगितलं, वाईट हवा असली की हे ओरडतं. आम्ही सगळ्याच घरी असंच सांगायचो, म्हणून तिला बोल लावताना माझी जीभ अडखळते.

मग गावातल्या एका विहिरीतली मोटर काढायचं काम त्याच्याकडं आलं. ती विहीर तीन वर्षं बंद होती. तळाशी पाचट कुजलेलं. अशा विहिरीत आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा आणि तो विझला तर माणसानं उतरायचं नाही, ही तिकडची रीत. गेणूचे चुलते जोतीराम कंदील घेऊन आलेसुद्धा होते.

"तात्या, खाणीत चालतंय ह्ये. आपली हीर काय त्याच्याम्होरं?" गेणू हसला, मशीन कॉलरला लावलं आणि उतरला.

मशीन गप्प राहिलं. तिथं मिथेन नव्हताच. कुजत्या पाचटानं हवेतला प्राणवायू खाऊन टाकला होता, आणि ते ओळखणं त्या मशीनचं काम नव्हे. गेणू तळाला पोचला, एकदा वर बघितलं आणि आडवा झाला. जोतीराम मागोमाग उतरायला निघाले, त्यांना चौघांनी धरून ठेवलं. गेणूला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

मशीन बिघडलेलं होतं, असं गावानं ठरवून टाकलं. मी भेटायला गेले तेव्हा विजयमालानं ते माझ्या हातात दिलं. "तपासून आण. बिघडल्यालं असू दे गं," म्हणाली.

मी तपासलं. वेळेत ओरडलं. तीनदा तपासलं, तीनदा ओरडलं. चांगल्या मशीनचा इतका संताप मला कधी आला नव्हता. बापूसाहेब म्हणाले, "बिघडलेलं होतं म्हणून सांग. कुणाचं काय जातंय? तिला झोप तरी लागेल." मलाही ते पटलं होतं.

तेराव्यानंतर गेले. विजयमालानं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तेवढ्यात तिच्या सासूनं, कुशाबाईंनी विचारलं, "काय निघालं गं? मशीन बिघडल्यालंच व्हतं न्हवं?"

मी व्हय म्हणणारच होते.

"न्हाय आत्या," विजयमाला म्हणाली. "मशीन चांगलं हाय. म्याच त्यास्नी चुकीचं सांगितलं."

म्हातारीनं तिला पोटाशी धरलं असतं तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. ती उठली, आत गेली आणि सुनेची लुगडी आणून उंबऱ्यावर टाकली.

"जा तुज्या आईकडं."

विजयमालानं तिथंच बसून एकेका लुगड्याची घडी घातली. चारच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो.