पुढच्या सीटवरून दिसलेली अक्षरं

परवा सकाळी मी स्कूटर घेऊन उस्मानपुऱ्याहून छावणीपर्यंत गेले आणि परत आले. तुमच्यातल्या बऱ्याच जणी हे रोज करत असतील... पण माझी ही पहिलीच वेळ.

स्कूटर आमच्या ह्यांची. ते गेल्यापासून जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. पुण्याहून लेक सारखी म्हणायची, "आई, गंजून जाईल, विकून टाक." तिनंच गिऱ्हाईक बघितलं, रविवारी येणार होतं.

मी तिला म्हटलं, त्याआधी मला छावणीपर्यंत नेऊन आणता आली तर गाडी राहील. नाहीच जमलं तर दे त्याला. "तू?" म्हणाली आणि हसत सुटली. मी सोयगावला लहानपणी भावाची सायकल चालवलेली, एवढंच काय ते भांडवल.

शिकवलं समोरच्या नसीम आपांनी. त्या शिवणक्लास घेतात, वर्षानुवर्षं गाडीवरच जातात. आधी मैदानात गोल गोल फिरवलं. "भाभी, ब्रेक पकडो, उसका गला मत दबाओ!" हे वाक्य आता मला झोपेतही ऐकू येतं.

आता आमचा एक खेळ सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत. मराठी पुस्तकांची गोडी माझी मला लागली, पण इंग्रजीची भीती वाटायची. मी स्कूटरवर मागं एका बाजूला बसलेली असायचे आणि हे समोरच्या गाडीच्या नंबरातली दोन अक्षरं मोठ्यांदा वाचायचे. आपल्याकडं एमएच वीसच्या पुढं असतात ना, ती. ती दोन्ही अक्षरं असलेला पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधायचा. आधी सांगेल तो जिंकला, हरेल त्यानं घरी गेल्यावर चहा करायचा.

ते 'बी टी' म्हणाले की मी 'टेबल'. 'सी एच'ला 'चेअर'. पुढं पुढं तर 'ए एन'ला मी 'ओशन' सांगितल्याचं आठवतं... तो शब्द कुठं वाचलेला कोण जाणे.

चहा बहुतेक वेळा तेच करायचे. "तुझं डोकं लई पळतं बाई," म्हणायचे. मी मनात म्हणायचे, गाडी चालवणाऱ्याला कुठं सुचणार!

तर परवा. आपा मागं बसलेल्या, मी पुढं. क्रांती चौकात सिग्नलला थांबले ती दोन्ही ब्रेक गच्च आवळून. मागून हॉर्नवर हॉर्न. "कायकू डररे भाभी? बजाने दो, उनका हॉर्न है, उनकी बैटरी है," आपा म्हणाल्या.

जीव जरा शांत व्हावा म्हणून मी समोरच्या गाडीचा नंबर वाचला. 'डी क्यू'. काहीच सुचेना. शेजारची 'एफ झेड'. पलीकडची 'बी एक्स'. मला नवल वाटलं, आज सगळ्या अशाच गाड्या कशा काय?

सिग्नल सुटला. महावीर चौकापर्यंत मी बघत गेले. मध्येच एखादं 'सी आर' आलं, त्याला 'क्रीम' लगेच सापडलं. पण बाकी कितीतरी अक्षरांना माझ्याकडं शब्दच नव्हता.

आणि मग लक्षात आलं...

मागं एका बाजूला बसलं की समोरचं दिसत नाही. ह्यांची पाठ दिसते आणि कडेची दुकानं. अक्षरं तेच वाचायचे. म्हणजे ही अवघड अक्षरं तेव्हाही रस्त्यावर होतीच, ती त्यांना दिसत होती, फक्त मला सांगितली नाहीत. एवढ्या गाड्यांमधून मला जमतील तेवढीच निवडून वाचायचे. आणि मी बोलेपर्यंत गप्प बसायचे.

खरं सांगू? आधी रागच आला. म्हणजे माझं ते सगळं जिंकणं खोटंच का? मग डोळे भरून आले, आणि हेल्मेट घातल्यावर डोळे पुसता येत नाहीत हे कुणी शिकवलेलं नव्हतं. गाडी आपोआप हळू झाली.

"क्या हुआ? रुकना है क्या?" आपांनी विचारलं. थांबले असते तर परत सुरू करायची हिंमत झाली नसती. गाडी रविवारी गेली असती. मी म्हटलं, "नाय, चला."

छावणीत चहा घेताना आपांना सगळं सांगितलं. त्या आधी ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मैं भी तो आपको पहले खाली मैदान में चलाने लगाई ना? सीधा क्रांती चौक में लाती तो चलाते थे क्या आप? पर यहाँ तक गाडी कौन लाया? मैं?"

चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

येताना ब्रेकचा गळा दाबला नाही असं नाही, पण कमी दाबला. घरी येऊन लेकीला फोन केला, म्हटलं त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव. ती म्हणाली, "आई, हेल्मेट घातलं होतंस ना?"

त्यांनी किती वर्षं माझ्यासाठी रस्ता चाळून दिला, हे मला पुढच्या सीटवर बसल्याशिवाय कळलं नसतं. सांगायला ते हवे होते, एवढंच.

'डी क्यू'चा शब्द मला अजून मिळालेला नाही. असणार नक्की. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका... तो माझा मला शोधायचाय.