सवतीच्या टाकावरचं दूध

माझी पोरगी सव्वा महिन्याची झाली तरी तिच्या पोटात दूध ठरत नोहोतं. पोटभर प्याची आन दोन मिनिटात सगळं बाहेर. कधी पातळ, कधी दह्यावानी फुटलेलं. दंडाची कातडी लोंबाले लागली होती. आन ओकली की ते जात होतं नेमकं एकाच जागी, माझ्या गळ्यातल्या टाकावर.

आधी टाकाचं सांगतो. ह्या घरात मी दुसरी. पहिली बाळंतपनात गेली, पोटातल्या लेकरासकट, इंझोरीच्या ह्याच घरात, ह्याच खोलीत, ह्याच बाजेवर. पहिल्या निवडनुकीचं साल होतं. मत द्याले जायाचं म्हून तिनं चांगलं लुगडं काढून दोरीवर टाकलं होतं, ते तसंच राह्यलं. माझं लग्न लागलं त्याच दिवशी सासूनं चांदीचा बारीकसा टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्याच्यावर बाईचं तोंड उठवलेलं, दोन डोळे आन कुंकू. ते म्हनजे ती. नवं लुगडं आलं की आधी तिले दाखवाचं, जेवाले बसलं की पहिला घास तिले लावाचा, मंग आपन. मी सगळं करत होती. पन तो टाक काही केल्या गरम होत नोहोता. ऐन उन्हाळ्यात बी छातीले गार लागे.

सासू रोज पाहे. एक दिवस म्हने, "तू तिले दुधाचं देत नाही, म्हून पोरगी ओकून तिले देऊन राह्यली."

मंग मी पाजायच्या आधी तीन थेंब टाकाले लावाले लागली. तरी ओकनं काही थांबलं नाही. सासूनं सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत पाहू. नाही ठरलं तर पोरगी जावेच्या थानाले लावू आन तुह्यं दूध बांधून टाकू. लेकरू तर वाचलं पायजे."

जावेचं पोरगं अंगावर पीत होतं, तिले दूध लय. पन माझं काय राह्यलं मंग? त्या दिवसापासून मी एक चोरी केली. कोनी नसलं की टाक मागं पाठीवर फिरवाचा, पोरीले पाजाचं आन लगेच पाळन्यात आडवी टाकाची, टाकापासून दूर. त्यानं ओकनं वाढलंच. वरून पाठीवर तो गार पत्रा, म्हनजे मागं कोनी टेकून बसलं हाय असंच वाटे. पोरगी चपचप प्याची आन मले वाटे, मागं बी कोनी गिळून राह्यलं.

बुधवारी दुपारी कामरगावहून पहिलीची माय आली. रीतीनं मी आता तिची पोरगी, मी बी तिले मायच म्हनतो. पोरीचा दंड चिमटीत धरून तिनं पाह्यलं.

"काहून वं, एवढी वाळली?"

"ठरत नाही माय काहीच."

"पाज मंग माह्यासमोर."

मी पाजली आन सवयीनं उठली पाळन्यात टाकाले.

"थांब. तव्यावर भाकर टाकल्यावानी टाकतेस कायले?"

तेवढ्यात तिले मानेवरचा दोरा दिसला. एका बोटानं ओढून तिनं टाक पुढं आनला.

"हा मागं कोनी नेला?"

"मीनं."

"काहून?"

"पोरीचं दूध... ओढून घेते म्हनतात."

तुही पोरगी, हे काही तोंडातून निंगालं नाही. तिनं टाक अंगठ्यानं पुसला. मंग म्हने, "माही पोरगी कोनाच्या तोंडचं घेनारी नोहोती. दुसऱ्यांदा वाढून बी घेत नसे."

तिनं लेकरू खांद्यावर उभं घेतलं, पाठीवर थापट्या मारत खोलीत फिराले लागली. "ही बी अशीच ओकत होती दोन महिने," म्हने. कोन ही, मले कळेना. पाह्यलं तं तिचे डोळे टाकावर. "पोटात वारं जाते त्याइच्या. ते निंगू द्या लागते."

पोरीनं ढेकर दिला, म्हाताऱ्या मानसावानी.

"घ्या, पाटील जेवले," माय म्हने. मंग माझ्याजवळ येऊन, टाकावर वाकून, अगदी हळू बोलली, "सोड आता, बाई. तिचं तिले राहू दे."

मी पोरीच्या तोंडाकडं पाहत बसली. ऊन उंबऱ्यावरून सरकत जात्यापर्यंत गेलं, तरी थेंब बाहेर आला नाही.

दोन दिवस पोरगी ओकली नाही. शुक्रवारी सासूनं दंड चाचपला आन बोलली, "राहू दे हिच्याचजवळ." आठ दिवसांनी मायची गाडी जुंपली, ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आमी दोघीच. पाजून झालं, टाक समोर छातीवर, पोरगी खांद्यावर उभी, मी थापटून राह्यली. ढेकर निंगाला. मंग तिनं मान सावरली आन माह्या खांद्यावरून मागं पाहून हासली. तिची नजर सरकत गेली, बाजेकडून दाराकडं, कोनी चालत जावं तशी, आन दारापाशी जाऊन थांबली.

मी काही वळून पाह्यलं नाही. थापटत राह्यली. दूध पोटात राह्यलं होतं.